परीक्षानळीतला तपकिरी धूर

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. दोनदा लिहायला घेतलं आणि अर्धवट टाकून दिलं. एक तर मी डॉक्टर नाही, बँकेतून निवृत्त झालेला माणूस. दुसरं म्हणजे हे ज्याच्याबद्दल आहे तो आता वाचायला नाही. पण गेल्या महिन्यात वहिनींनी एक प्रश्न विचारला आणि मला तोंडी काही धड उत्तर देता आलं नाही. म्हटलं, लिहूनच काढू. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, सातारा जिल्ह्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. बारावीला मी त्याच्याच वर्गात होतो. घरी दादा आणि वर्गात सर, त्यामुळे हाक मारायची पंचाईत. त्याचा एक ठरलेला प्रयोग असे. तांब्याचे काप आणि पातळ नायट्रिक आम्ल. त्यातून निघणारा वायू तो पाण्याखालून बाटलीत गोळा करायचा. बाटली रिकामी दिसायची. मग म्हणायचा, "बघा, आत काहीच दिसत नाही ना? आता झाकण काढतो." झाकण काढलं की हवा आत शिरायची आणि बघता बघता बाटलीभर लालसर तपकिरी धूर व्हायचा. मागच्या बाकावरची पोरंसुद्धा उठून उभी राहायची. "रंग नाही म्हणून निरुपद्रवी समजू नका," दादा खिडक्या उघडत म्हणायचा, "विष आहे हे." वहिनी त्याच कॉलेजच्या ग्रंथालयात होत्या. दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये प्रयोगशाळेकडून तो उग्र वास आला की त्या ओळखायच्या, यांचा नायट्रिक ऑक्साइड आला.

आता एकदम २००९. तो ऑगस्ट पुण्याच्या आसपास राहणाऱ्यांना आठवत असेल. स्वाइन फ्लूचा भारतातला पहिला मृत्यू ऑगस्टच्या सुरुवातीला पुण्यात झाला होता. शाळा, थिएटरं बंद. नायडू रुग्णालयासमोर तपासणीच्या रांगा. रुमाल बांधून फिरणारी माणसं. दादा कशासाठीतरी पुण्याला येऊन गेला आणि घरी जाऊन तापाने पडला. चौथ्या दिवशी धाप लागली. पाचव्या दिवशी पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या आयसीयूत तो व्हेंटिलेटरवर होता. वय एकोणपन्नास. कधी बिडी-सिगरेटला शिवलेला नाही.

तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन समजावलं. दोन्ही फुप्फुसं पाणी भरल्यासारखी झाली आहेत, याला एआरडीएस म्हणतात, ऑक्सिजन शंभर टक्के लावला तरी रक्तात पोचत नाही. सॅच्युरेशनचा आकडा चौऱ्याऐंशीच्या आसपास अडकला होता. मग म्हणाले, "एक उपाय करून बघता येईल. नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू असतो, तो व्हेंटिलेटरच्या नळीतून थोडा थोडा देतात. सिलिंडर दुसरीकडून मागवावा लागेल."

मी आणि वहिनींनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्याही डोळ्यांपुढे तीच बाटली आली असणार. वहिनी हळूच म्हणाल्या, "अहो, ते तर विष असतं ना?" डॉक्टर तरुण होते, पण त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. मात्रा किती कमी असते ते सांगितलं आणि पुढे म्हणाले, "यानं आकडा सुधारेल अशी आशा आहे. पेशंट सुधारेल असं मी म्हणत नाही." ही दोन वाक्यं मला आजही शब्दशः आठवतात. आम्ही त्यातलं पहिलंच ऐकलं. वहिनींनी सही केली.

त्या रात्री आकडा ब्याण्णववर गेला. दुसऱ्या दिवशी दिवसभर तो तिथेच होता. तिसऱ्या दिवशी घसरायला लागला आणि संध्याकाळी पुन्हा होता तिथे आला. सहाव्या दिवशी लघवी कमी झाली, डायलिसिस लावलं. अकराव्या दिवशी दादा गेला.

आणि आता, इतक्या वर्षांनी, श्रावणात त्यांच्याकडे जेवायला गेलो असताना वहिनींनी ताट वाढता वाढता विचारलं, "भाऊजी, ते विषच होतं ना? मी सही केली नसती तर?"

म्हणजे हा प्रश्न त्या एवढी वर्षं मनात घेऊन बसल्या होत्या. मी काहीतरी गुळमुळीत बोललो. मग घरी येऊन वाचायला लागलो. जे हाती लागलं ते इथे मांडतो आहे.

या वायूची कुंडली जुनी आहे. १७७२ साली इंग्लंडमधल्या जोसेफ प्रीस्टली या धर्मोपदेशकाने त्याचं वर्णन छापलं. धातूवर नायट्रिक आम्ल घालून त्याने तो मिळवला, म्हणजे दादाचाच प्रयोग. त्या तपकिरी धुरात प्रीस्टलीला एक उपयोग दिसला. हवा श्वासाला किती चांगली हे तोवर उंदीर कोंडून, तो किती वेळ जगतो यावरून ठरवायचे. त्याऐवजी पाण्यावर धरलेल्या हवेत हा वायू मिसळायचा. तपकिरी धूर पाण्यात विरघळतो आणि एकूण आकारमान घटतं. घट जितकी जास्त तितकी हवा चांगली. पुढे १७७४ मध्ये त्याने जो नवा वायू मिळवला, ज्याला आपण ऑक्सिजन म्हणतो, त्याचा चांगलेपणाही याच कसोटीवर दिसून आला. म्हणजे ऑक्सिजनची ओळख पटवणाऱ्यांत हा विषारी गडी आधीपासून हजर होता.

श्वासातून घेण्याचा पहिला प्रयत्न मात्र अंगाशी आला. ब्रिस्टलमध्ये निरनिराळे वायू हुंगवून रोग बरे करता येतात का हे पाहणारी एक संस्था १७९९ मध्ये निघाली होती. तिथे हंफ्री डेव्ही नावाचा विशीतला पोरगा प्रयोग करत होता. हसवणारा वायू, म्हणजे नायट्रस ऑक्साइड, त्याने स्वतःवर भरपूर वापरला. मग त्याच्या या भावंडाचीही चव घ्यावी म्हणून त्याने नायट्रिक ऑक्साइड ओढला. घशाला आग लागली. तोंड उघडून हवा आत घेतली तर तोंडातच आम्ल तयार झालं, जीभ आणि हिरड्या भाजल्या. इतका अविचारी प्रयोग पुन्हा करणार नाही, अशा अर्थाचं त्याने १८०० सालच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे. दादाने आम्हाला खिडक्या उघडायला लावल्या त्याचं कारण हेच. वायू स्वतः रंगहीन, पण हवेतला ऑक्सिजन भेटला की नायट्रोजन डायऑक्साइड होतो आणि ओलसर जागी त्याचं आम्ल होतं. आणि फुप्फुसाइतकी ओलसर जागा दुसरी कोणती?

ही भीती दीडशे वर्षांनीही खरी ठरली होती. १९६७ मध्ये भूलतज्ज्ञांच्या एका ब्रिटिश नियतकालिकात दोन रुग्णांची हकीकत आली. भुलीसाठी वापरलेल्या नायट्रस ऑक्साइडच्या सिलिंडरमध्ये चुकून हे वरचे ऑक्साइड मिसळले गेले होते. त्या दोघांपैकी एक दगावला. तेव्हा वहिनींना जे वाटलं ते अडाणीपणाचं मुळीच नव्हतं.

मग हा वायू औषधाच्या कपाटात आला कसा? तर मागच्या दाराने.

१८४७ मध्ये तुरीनच्या आस्कानियो सोब्रेरोने नायट्रोग्लिसरीन तयार केलं. जिभेवर थेंबभर ठेवलं तर डोकं ठणकायला लागलं. आल्फ्रेड नोबेलने त्याच द्रव्यापासून १८६७ मध्ये डायनामाइट केलं. पुढे कारखान्यांतल्या कामगारांमध्ये एक गंमत दिसली. सोमवारी कामावर आलं की डोकं दुखायचं, आठवडाभरात सवय होऊन थांबायचं, सुट्टीनंतर पुन्हा सोमवारी सुरू. रक्तवाहिन्या सैल होत होत्या. १८७९ मध्ये लंडनच्या विल्यम मरेलने हेच द्रव्य छातीच्या कळेवर वापरलेलं प्रसिद्ध केलं. १८९६ मध्ये खुद्द नोबेलला डॉक्टरांनी हृदयासाठी नायट्रोग्लिसरीन घ्यायला सांगितलं. नशिबाची थट्टाच म्हणायची, असं त्याने आपल्या सहकाऱ्याला पत्रात लिहिलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात तो गेला. आपल्याकडे हृदयविकाराची माणसं जिभेखाली गोळी ठेवतात ना, ते हेच घराणं.

गोळी नेमकं काय करते हे शंभर वर्षं कुणाला सांगता येत नव्हतं. १९७७ मध्ये फेरिड मुराद यांनी दाखवलं की या औषधांतून नायट्रिक ऑक्साइड सुटतो आणि तोच स्नायूंच्या पेशींना सैल व्हायला लावतो. लोकांना ते पटायला जड गेलं. मोटारीच्या धुरात असणारा वायू शरीरात काय काम करणार?

उत्तर एका चुकीतून मिळालं, आणि हा भाग दादाला फार आवडला असता. ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट नावाचे साठी ओलांडलेले शास्त्रज्ञ सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर काम करत होते. एक औषध घातलं की पट्टी आकसायची, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं. १९७८ मध्ये त्यांच्या मदतनिसाने प्रयोगातल्या पायऱ्यांचा क्रम चुकवला आणि पट्टी आकसण्याऐवजी सैल पडली. फर्चगॉट त्याच्यावर डाफरले नाहीत, कारण शोधत बसले. शेवटी लक्षात आलं की पट्टी कापताना आतल्या बाजूचं नाजूक अस्तर आजवर घासलं जात होतं. अस्तर शाबूत राहिलं की त्यातून काहीतरी निघतं आणि रक्तवाहिनी सैल होते. १९८० मध्ये हे छापून आलं. ते 'काहीतरी' म्हणजे नायट्रिक ऑक्साइडच असावा असं १९८६ मध्ये फर्चगॉट आणि लुई इग्नारो या दोघांनी एकाच परिषदेत स्वतंत्रपणे सुचवलं. १९८७ मध्ये इंग्लंडमधल्या साल्वादोर मोंकादा यांच्या गटाने तसा पुरावा दिला, इग्नारोंनीही दिला. १९९८ चं नोबेल मात्र फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं. मोंकादा राहिले, आणि त्यावरून बराच काळ कुरकुर चालली. असो.

आता फुप्फुसाकडे. इथे थोडं शेतातलं उदाहरण घेतो, कारण मला स्वतःला ते तसंच समजलं. पाटाचं पाणी वाफ्यांना द्यायचं असतं तेव्हा ज्या वाफ्यात पीक आहे तिकडचं दारं उघडं ठेवायचं आणि पडीक वाफ्याचं बंद करायचं. फुप्फुसात रक्त म्हणजे पाणी आणि हवा पोचलेला कप्पा म्हणजे पिकाचा वाफा. ज्या कप्प्यात हवा नाही तिथली रक्तवाहिनी शरीर आपणहून आवळतं. हे १९४६ मध्ये फॉन ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड यांनी मांजरांवरच्या प्रयोगांत दाखवलं. पण एआरडीएसमध्ये ही व्यवस्था कोलमडते. बरंचसं रक्त पडीक वाफ्यांतून वाहून जातं आणि ऑक्सिजन न घेताच परत फिरतं. शिवाय फुप्फुसातला रक्तदाब वाढून हृदयाच्या उजव्या बाजूला धाप लागते. शिरेतून औषध देऊन रक्तवाहिन्या सैल कराव्या तर सगळीच दारी उघडतात, पडीक वाफ्याचीसुद्धा. वर अंगातला रक्तदाबही पडतो.

श्वासातून दिलेला वायू मात्र जिथे हवा जाते तिथेच पोचणार. म्हणजे फक्त पिकाच्या वाफ्याचं दारं उघडणार. आणि तिथून रक्तात उतरला की हिमोग्लोबिन त्याला क्षणात पकडून निकामी करतं, त्यामुळे पुढे अंगभर काही होत नाही. इतकी सुबक कल्पना आहे की ऐकल्यावर माणूस प्रेमातच पडतो.

प्रेमात पडलेल्यांत बॉस्टनचे वॉरन झापोल पहिल्या रांगेत होते. हा गृहस्थ अंटार्क्टिकात जाऊन सील खोल बुडी मारून श्वासाशिवाय कसे राहतात याचा अभ्यास करणारा. एआरडीएसशी त्यांची झटापट जुनी होती. या आजाराचं पहिलं ठळक वर्णन १९६७ मध्ये डेन्व्हरच्या डॉक्टरांनी केलं, १२ रुग्ण, त्यातले ७ दगावले. रक्त शरीराबाहेर काढून कृत्रिम फुप्फुसातून फिरवायचं, ज्याला आज एक्मो म्हणतात, त्याची पहिली मोठी चाचणी झापोल यांच्या नेतृत्वाखाली झाली आणि १९७९ मध्ये तिचे निष्कर्ष आले. ९० रुग्ण. यंत्र लावलेले असोत की न लावलेले, दहातला जेमतेम एक वाचला. एवढा पराभव छापून प्रसिद्ध करायलाही छाती लागते.

१९९१ मध्ये इंग्लंडच्या पॅपवर्थ रुग्णालयातल्या गटाने फुप्फुसातला रक्तदाब वाढलेल्या रुग्णांना दहा लाख भागांत ४० भाग इतका हा वायू हुंगवला. फुप्फुसातल्या वाहिन्या सैल झाल्या, अंगातला रक्तदाब तसाच राहिला. त्याच वर्षी झापोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोकरांवर तेच दाखवलं. मात्रा किती किरकोळ, हे कळण्यासाठी सांगतो. कारखान्यातल्या हवेत आठ तासांच्या पाळीत दहा लाखांत २५ भागांपर्यंत हा वायू चालतो, असा अमेरिकेतला कामगार-सुरक्षेचा नियम आहे, आणि सिगरेटच्या धुरात तर तो याच्या कितीतरी पट असतो. आयसीयूत तो नायट्रोजनमध्ये पातळ करून आणतात, रुग्णाच्या अगदी जवळ ऑक्सिजनमध्ये मिसळतात म्हणजे तपकिरी व्हायला वेळच मिळू नये, आणि किती तपकिरी झाला हे मोजणारं यंत्र नळीला लावलेलं असतं. रक्त काळपट तर होत नाही ना तेही तपासतात. म्हणजे डेव्हीने जी चूक केली तीवर पूर्ण पहारा ठेवलेला असतो.

१९९३ मध्ये बर्लिनच्या डॉक्टरांनी, झापोलही त्यात होते, एआरडीएसच्या रुग्णांवरचा अनुभव छापला. दहाएक रुग्ण. फुप्फुसातला दाब ३७ वरून ३० वर आला, वाया जाणारं रक्त ३६ टक्क्यांवरून ३१ वर, आणि ऑक्सिजनचं जे गुणोत्तर डॉक्टर पाहतात ते १५२ वरून १९९ वर. त्याआधी १९९२ मध्येच नवजात बाळांवरचे यशस्वी अनुभव आले होते. त्याच वर्षी 'सायन्स' या नियतकालिकाने नायट्रिक ऑक्साइडला वर्षाचा मानकरी रेणू ठरवलं. वारं असं वाहत होतं.

बाळांच्या बाबतीत ते टिकलं. जन्मल्यावर फुप्फुसातल्या वाहिन्या उघडायच्या असतात, काही बाळांच्या त्या आवळलेल्याच राहतात आणि बाळ निळं पडतं. अशा २३५ बाळांच्या चाचणीत, १९९७ मध्ये, मृत्यू किंवा एक्मो लागण्याचं प्रमाण ६४ टक्क्यांवरून ४६ वर आलं. यातली कमाई बहुतेक एक्मो टळण्याची होती, पण ज्या देशात एक्मो गावोगाव नाही तिथल्या आईला हा फरक किती मोठा ते सांगायला नको. १९९९ मध्ये अमेरिकेत या बाळांसाठी वायूला मान्यता मिळाली. त्याची किंमत तिथे तासाला शंभर डॉलरच्या वर लावली गेली. प्रयोगशाळेत तांब्याचे चार काप टाकून आम्ही जो खिडकीबाहेर घालवत होतो तोच! (इतका शुद्ध आणि मोजून-मापून नसे, हे कबूल.) जिथे तो परवडत नाही तिथे सिल्डेनाफिलची गोळी पातळ करून बाळाला देतात, आपल्याकडेही देतात. १९९८ मध्ये वेगळ्याच कारणासाठी गाजलेली ती गोळी याच साखळीतल्या पुढच्या कडीवर काम करते.

मोठ्यांचं काय? हाच वहिनींचा प्रश्न.

२००४ मध्ये अमेरिकेतल्या ३८५ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. निम्म्यांना दहा लाखांत ५ भाग वायू, निम्म्यांना नुसता नायट्रोजन. वायू घेतलेल्यांचा ऑक्सिजन पहिल्या चोवीस तासांत सुधारला आणि अठ्ठेचाळीस तासांत तो फरक नाहीसा झाला. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून गॅलरीत गेलो. ते दादाचंच वर्णन होतं. एक रात्र आणि एक दिवस. दगावण्याचं प्रमाण वायूच्या गटात २३ टक्के, दुसऱ्यात २० टक्के, म्हणजे धरण्यासारखा फरक नाही. २००७ मध्ये १२ चाचण्यांतल्या १२३७ रुग्णांचा एकत्र हिशेब झाला. निष्कर्ष तोच: ऑक्सिजन काही दिवस थोडा सुधारतो, जीव वाचण्यात फरक नाही. आणि एक ओळ आणखी होती. वायू घेतलेल्यांत मूत्रपिंडं बिघडण्याचं प्रमाण जास्त दिसलं, जवळपास दीडपट.

असं का व्हावं? मला कळलं ते असं. या आजारात बहुतेक माणसं ऑक्सिजन कमी पडला म्हणून जात नाहीत. फुप्फुसातली आग अंगभर पसरते, एकेक अवयव बंद पडतो. आपण मात्र समोरच्या आकड्याकडे बघत बसतो.

याचा सगळ्यात मोठा दाखला २००० सालचा आहे आणि त्याचा वायूशी संबंध नाही. ८६१ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना व्हेंटिलेटरने नेहमीसारखा मोठा श्वास, निम्म्यांना जवळजवळ निम्म्या आकाराचा छोटा श्वास. छोट्या श्वासाच्या लोकांचा ऑक्सिजन पहिल्या दिवसांत उलट कमी होता. म्हणजे नातेवाईक म्हणून तुम्ही-मी काचेबाहेर उभे असतो तर म्हटलं असतं, अहो, वाढवा की जरा! पण दगावण्याचं प्रमाण ३९.८ टक्क्यांवरून ३१ वर आलं ते याच गटात. मोठा श्वास आजारी फुप्फुसाला आणखी फाडत होता. आकडा वाईट आणि माणसं जास्त जगली. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या चाचणीत गंभीर रुग्णांना रोज बरेच तास पालथं झोपवल्याने मृत्यूचं प्रमाण निम्म्यावर आलं, आणि कोविडमध्ये तर 'पालथं झोपा' हे घराघरांत पोचलं. यातलं काहीच तासाला शंभर डॉलरचं नाही.

नायट्रिक ऑक्साइड कोविडमध्येही अनेक ठिकाणी वापरला गेला. डॉक्टर त्याकडे आता मोठ्यांसाठी बचावाचा शेवटचा उपाय म्हणून बघतात. दुसरं काही करायला, रुग्ण हलवायला, एक्मो जोडायला थोडा अवधी मिळावा म्हणून. झापोल शेवटपर्यंत त्याच्या मागे होते. सिलिंडरच नको, साध्या हवेतून विजेच्या ठिणगीने हा वायू तिथल्या तिथे करता येतो, हे त्यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं. आकाशात वीज चमकते तेव्हा हेच घडतं, हे दादाने आम्हाला शिकवलेलं. २०२१ च्या डिसेंबरात झापोल गेले.

एक गोष्ट राहिली. १९९० च्या दशकात स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांना आढळलं की आपल्या नाकाच्या आजूबाजूच्या पोकळ्या हा वायू स्वतःच तयार करतात आणि प्रत्येक श्वासाबरोबर थोडा फुप्फुसात उतरतो. घशात नळी घातलेल्या माणसाला तो मिळत नाही. त्यांनी अशा रुग्णांना नाकातली हवा नळीतून पोचवून पाहिली तर ऑक्सिजन थोडा वाढला. म्हणजे दादाला त्या रात्री दिलं ते अगदी परकं काही नव्हतं. त्याच्याच नाकातला वायू, नळीमुळे त्याच्यापासून तुटलेला.

गेल्या रविवारी हे सगळं घेऊन वहिनींकडे गेलो. वायूनं दादा गेला नाही, असं सांगणं सोपं होतं. मूत्रपिंडाची ओळ सांगावी की नाही, यावर मात्र एसटीत दीड तास घोळलो. दादाची मूत्रपिंडं सहाव्या दिवशी गेली होती. ती त्या आजारानेही जातात, वायूशिवायही जातात, आणि हजार माणसांच्या हिशेबातून एका माणसाचं कारण काढता येत नाही. पण ती ओळ लपवली असती तर दादाला चाललं नसतं. प्रयोगवहीत नको असलेलं निरीक्षण खोडणाऱ्या पोराचे तो पाच गुण कापायचा.

म्हणून सगळं सांगितलं. सही केली नसती तरी बहुतेक हेच झालं असतं. 'बहुतेक' हा शब्द मला काढता येत नाही, हेही सांगितलं. आणि त्या तरुण डॉक्टरांनी जे वाक्य उच्चारलं होतं, ते हे सगळं माहीत असूनच उच्चारलं होतं. त्यांनी आपल्याला फसवलं नाही. आपण अर्धंच ऐकलं.

वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ब्याण्णव झालं होतं ना त्या रात्री? मी तुमच्या घरी येऊन आंघोळ केली होती. पाच दिवसांनी पहिल्यांदा वरणभात जेवले. वाटलं होतं, आता सुटले."

"हो," म्हटलं, "मीही झोपलो होतो त्या रात्री."

"तेवढं तरी झालं," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

कपाटात दादाची प्रात्यक्षिकाची जुनी वही त्यांनी ठेवली आहे. निघताना ती मला वाचायला दिली. आम्लाने पानांना भोकं पडली आहेत. नायट्रिक ऑक्साइडच्या पानावर त्याच्या अक्षरात लाल शाईने लिहिलंय, खिडक्या उघडणे.